मूक अध्यापक साने गुरुजी

‘आचार्य’ या शब्दाची उकल करताना आपल्या प्राचीन निरुक्तकारांनी आचाराचाच आधार घेतला आहे. जो शिष्याच्या ठिकाणी आचार रुजवितो, तो आचार्य होय. ग्रंथ पढविणारा, व्याख्यान देणारा किंवा परीक्षा घेणारा एवढ्यानेच कोणी त्या पदवीला पोहोचत नाही. श्रीमद्भगवद्गीतेच्या तिसऱ्या अध्यायात लोकसंग्रहाचा जो विचार आला आहे, त्याचेही मर्म हेच आहे. श्रेष्ठ माणूस जसा वागतो, तसेच इतर जन वागू लागतात. म्हणूनच तिन्ही लोकांत ज्याला मिळवावयाचे काही उरले नाही, तो भगवंतही कर्म सोडून बसत नाही. हा सिद्धांत राजे, सेनापती आणि समाजधुरीण यांच्यासाठी आहे असे आपण समजतो. वस्तुतः त्याची खरी कसोटी लहान मुलांच्या वर्गात लागते. कारण मोठ्या माणसाला बोललेले पुरते, मुलाला मात्र पाहिलेलेच कळते.

या सिद्धांताला सहा वर्षे आपल्या नित्याच्या कामातून उजाळा देणारे एक शिक्षक खानदेशातील अमळनेर या गावी होऊन गेले. महाराष्ट्र त्यांना साने गुरुजी या नावाने ओळखतो. ‘श्यामची आई’ या पुस्तकाचे कर्ते, स्वातंत्र्यसंग्रामातील सैनिक, पंढरपूरच्या मंदिरासाठी प्राण पणाला लावणारे सत्याग्रही अशा अनेक नात्यांनी त्यांचे स्मरण होते. पण या सर्वांच्या आधी ते शाळामास्तर होते, आणि पुढे जे जे ते झाले त्याचे बीज त्या मास्तरकीतच होते.

त्यांचे पूर्ण नाव पांडुरंग सदाशिव साने. रत्नागिरी जिल्ह्यात, दापोली तालुक्यातील पालगड या गावी २४ डिसेंबर १८९९ रोजी त्यांचा जन्म झाला. घराणे खोताचे, एके काळी सुखवस्तू. परंतु वडील सदाशिवराव यांच्या काळात कर्ज, कोर्टकचेऱ्या आणि जप्ती यांच्या फेऱ्यात ते पार खचून गेले. अशा घरात मातुःश्री यशोदाबाईंनी मुलांवर जे संस्कार केले, ते पुढे गुरुजींच्या लेखणीतून घरोघर पोहोचले.

त्या माउलीची शिकविण्याची रीत लक्षात घेण्यासारखी आहे. न्हाऊन झाल्यावर ओल्या तळव्यांना माती लागू नये असा लहानग्याने हट्ट धरला, तेव्हा तिने आपले लुगडे त्याच्या पायांखाली पसरले; आणि पायांना जपतोस तसेच मनालाही मळापासून जप, एवढेच त्याला सुचविले. आधी कृती झाली, मग शब्द आला, आणि तोही एकच. रस्त्यात एका थकलेल्या अस्पृश्य म्हातारीची मोळी खाली पडली असता, ती उचलून तिच्या डोक्यावर देण्यास तिने आपल्या मुलाला धाडले. त्या काळच्या कोकणातील ब्राह्मण घरात ही गोष्ट सोपी नव्हती. प्रसंगी ती कठोरही होई. पोहावयाला जाण्याच्या भीतीने मुलगा लपून बसला, तेव्हा तिने त्याला फोकाने मारून बाहेर काढले. हे सांगणे अशासाठी अवश्य आहे की, गुरुजींची पुढील मृदुता ही लाडात वाढलेल्या माणसाची मृदुता नव्हती. शिक्षेचा वळ त्यांना ठाऊक होता, आणि पसरलेल्या लुगड्याचा स्पर्शही ठाऊक होता. या दोहोंतील कोणती आठवण मुलाला जन्मभर वळण लावते, हे त्यांनी स्वानुभवाने जाणले होते.

शिक्षणासाठी त्यांना फार हिंडावे लागले. पालगडनंतर दापोलीची मिशन शाळा, तेथून औंध, आणि शेवटी पुणे असा तो प्रवास झाला. अन्नाची भ्रांत नेहमीचीच. १९१७ साली आई गेली. पुढच्या वर्षी ते मॅट्रिक झाले. पुण्याच्या न्यू पूना कॉलेजातून मराठी व संस्कृत हे विषय घेऊन ते पदवीधर झाले, आणि मग तत्त्वज्ञानाच्या ओढीने १९२३ साली अमळनेरला आले. श्रीमंत प्रताप शेठ यांनी १९१६ साली स्थापन केलेले तत्त्वज्ञान मंदिर तेथे होते. ब्रह्मविद्येचा निवांत अभ्यास करण्याची ती जागा. परंतु केवळ चिंतनात त्यांचे मन रमेना. गावातील शाळेत शिक्षकाची जागा मिळताच जून १९२४ मध्ये ते मुलांत आले. खानदेश एज्युकेशन सोसायटीची ही शाळा पुढे प्रताप हायस्कूल या नावाने प्रसिद्ध झाली. शाळेला जोडून छात्रालय होते. त्याची देखरेख गुरुजींकडे आली आणि येथेच त्यांचे खरे अध्यापन सुरू झाले.

छात्रालयातील मुले म्हणजे बहुतेक खेड्यापाड्यांतून प्रथमच घर सोडून आलेली. घरी आई होती, बहीण होती. पसरलेले आवरण्यास कोणी ना कोणी होते. येथे ते कोणी नव्हते. अशा मुलांच्या खोलीत काय आढळावे? अंथरूण तसेच पडलेले, पुस्तके विखुरलेली, केर साचलेला, कंदिलाची काच काजळीने काळी, आणि भिजत घातलेले कपडे बादलीत तसेच. देखरेख करणाऱ्याला येथे दोन मार्ग नेहमीचे. एक, नियमांचा फलक लावून दंड बसविणे. दुसरा, उपदेशाचे प्रवचन झोडणे. पहिल्याने मुले भितात आणि पाठ वळताच विसरतात. दुसऱ्याने ती कंटाळतात.

गुरुजींनी तिसरा मार्ग धरला. मुले बाहेर गेली म्हणजे ते मुकाट्याने खोल्यांत जात. केर काढीत. अंथरुणांच्या वळकट्या नीट करून ठेवीत. पुस्तके ओळीने लावीत. कंदिलाच्या काचा पुसून लख्ख करीत. भिजत पडलेले कपडे धुऊन वाळत घालीत. मुले परतून येत, तो खोली हसत असे. कोणी केले याची चौकशी झाली तरी त्यावर व्याख्यान नाही, टोमणा नाही, डोळा वटारणे नाही. कोणी मुलगा आजारी पडला, तर रात्र रात्र त्याच्या उशाशी बसून त्याचे सर्व काही करण्यात त्यांना कमीपणा वाटत नसे. हे सारे करणारा माणूस एम.ए. झालेला, संस्कृत व तत्त्वज्ञान यांचा अभ्यासू होता, हे मुलांना ठाऊक होते. आपले कपडे आपल्या गुरूने धुवावेत याची लाज हळूहळू त्यांच्या मनात उतरली, आणि ती स्वतःची कामे स्वतः करू लागली. नियमाचा एक शब्दही न उच्चारता नियम प्रस्थापित झाला.

येथे एक शंका सहज उद्भवते, आणि ती दडपून टाकणे योग्य होणार नाही. गुरूने शिष्याची कामे केली तर शिष्य ऐदी होणार नाही काय? सेवा घेण्याची चटक त्याला लागणार नाही काय? शंका रास्त आहे. घरोघर असे दिसते की, आई राबते आणि मुलगा लोळतो; तिच्या कष्टांनी त्याला लाज वाटत नाही, उलट ते त्याला आपले हक्काचे वाटतात. मग गुरुजींच्या छात्रालयात वेगळे का घडले? याची कारणे त्यांच्या वागण्यातच सापडतात.

पहिले असे की, ते जे करीत ते मुलाच्या आवाक्यातले असे. केर काढणे, काच पुसणे, पांघरुणाची घडी घालणे ही कामे दहा वर्षांच्या मुलालाही जमतात. ज्या कृतीचे अनुकरण मुलाला करता येते, तीच कृती त्याला शिकविते. जी त्याच्या शक्तीपलीकडची, ती त्याला केवळ थक्क करते. दुसरे असे की, ती कृती एकदा दाखवून संपणारी नव्हती. ती रोजची होती. मुलांचे मन ओल्या मातीसारखे असते हे खरे. पण ओल्या मातीतही पायवाट एका पावलाने उमटत नाही. तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे. त्या कृतीत मुलाला हिणविण्याचा लवलेश नव्हता. घर आवरताना आदळआपट करणारा मनुष्य काम शिकवीत नाही, राग शिकवितो. मुलाने पाहिलेली वस्तू केर काढणे ही नसते. केर काढताना कपाळावर चढलेली आठी ही असते. गुरुजींच्या मुद्रेवर मुलांना ममताच दिसत असे, म्हणून त्यांनी कामाबरोबर ममताही उचलली.

वर्गातील अध्यापनालाही हेच सूत्र लागू होते. विद्यार्थ्याने वाचावे, लिहावे, व्यासंगी व्हावे असे प्रत्येक शिक्षक म्हणतो. गुरुजी स्वतः मुलांसाठी लिहीत. छात्रालयात त्यांनी ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक चालविले. दिवसभर शाळा, सायंकाळी मुलांची व्यवस्था, आणि रात्री मुलांसाठी स्वहस्ते लेखन, असा तो क्रम होता. सकाळी मुलांना ते पाने वाचावयास मिळत. आपल्यासाठी कोणी रात्री जागून लिहिले आहे, ही जाणीव झाल्यावर वाचनाची गोडी लावण्यास वेगळा उपाय कशाला हवा? १९२८ साली त्यांनी ‘विद्यार्थी’ हे मासिक सुरू केले. त्यात देशाची, थोर पुरुषांची आणि चांगल्या जीवनाची ओळख मुलांना होत असे.

गुरुजींचा हा मार्ग त्या काळी अगदी एकाकी होता असे नाही. भावनगर येथे दक्षिणामूर्तीच्या बालमंदिरात गिजुभाई बधेका आणि त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक हे त्याच दशकात चिमुकल्या मुलांना धाक व छडी यांवाचून वळण लावीत होते. ताराबाईंनी पुढे अनुताई वाघ यांच्यासह बोर्डी व कोसबाड येथे आदिवासी मुलांत तेच कार्य नेले. मुलाला न्हाऊ घालून, नखे काढून, केस विंचरून स्वच्छतेचा पाठ द्यावयाचा. स्वच्छतेवर भाषण करावयाचे नाही, ही तेथील रीत होती. पुढे १९६१ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात अल्बर्ट बंडुरा या मानसशास्त्रज्ञाने लहान मुलांवर प्रयोग केले. मोठ्या माणसाला बाहुल्याशी दांडगाई करताना पाहिलेली मुले तशीच दांडगाई करू लागली. त्यांनी हातवारे आणि शब्दसुद्धा तेच उचलले. गीतेने लोकसंग्रहाच्या विचारात जे सांगितले, त्याचेच प्रत्यंतर अशा रीतीने प्रयोगशाळेत आले. आपल्या देशातही २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेतील शारीरिक शिक्षेला व मानसिक छळाला मनाई केली. छडी कायद्याने गेली. पण तिच्या जागी काय यावे हे कायदा सांगू शकत नाही. ते सांगण्यासाठी गुरुजींसारख्यांच्या चरित्राकडेच वळावे लागते.

१९३० साली देशात मिठाचा सत्याग्रह पेटला. मुलांना देशभक्ती शिकविणाऱ्या शिक्षकापुढे आता प्रश्न उभा राहिला की, आपण स्वतः कोठे आहोत? सुखाची नोकरी धरून त्यागाच्या गोष्टी सांगणे त्यांच्या स्वभावात नव्हते. एप्रिल १९३० च्या अखेरीस त्यांनी शाळा सोडली आणि सत्याग्रहात उडी घेतली. मुलांना रडू आले असेल, गुरुजींचेही डोळे कोरडे राहिले नसतील. पण सहा वर्षे दिलेल्या पाठांतील हा शेवटचा पाठही कृतीचाच होता. धुळे, त्रिचनापल्ली, नाशिक असे तुरुंग त्यांनी पाहिले. त्रिचनापल्लीच्या कारागृहात इतर प्रांतांतील बंदी भेटले, तेव्हा गुरू पुन्हा विद्यार्थी झाला. ते तमिळ शिकले आणि तिरुवळ्ळुवरांच्या ‘कुरळ’ ग्रंथाचे त्यांनी मराठी रूपांतर केले. भारतातील सर्व भाषांनी एकमेकींना भेटावे ही ‘आंतरभारती’ची कल्पना त्यांनी पुढे मांडली, तिला या अनुभवाचे पाठबळ होते.

गीताप्रेमी वाचकांवर तर गुरुजींचे एक विशेष ऋण आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबाजी होते. तेथे २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी त्यांनी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन केले. अशी १८ प्रवचने झाली. ती सर्व गुरुजींनी ऐकता ऐकता लिहून घेतली. ते स्वतः सिद्धहस्त लेखक आणि संस्कृतज्ञ होते. स्वतःचे काही सांगावे असा मोह त्यांना झाला असता तर नवल नव्हते. परंतु ते खाली बसले, कान देऊन ऐकत राहिले आणि लिहीत राहिले. ‘गीता-प्रवचने’ हा ग्रंथ पुढे भारताच्या अनेक भाषांत गेला, तो या लेखणीमुळे. मुलाने वर्गात कसे बसावे, कसे ऐकावे, दुसऱ्याच्या शब्दाला कसा मान द्यावा, याचा आदर्श पाठ तिशी ओलांडलेल्या या शिक्षकाने तुरुंगाच्या भिंतीआड दिला. चांगला गुरू होण्याची पात्रता चांगला शिष्य राहण्यात असते, हे त्यावरून दिसून येते.

नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये ९ ते १३ तारखांच्या पाच दिवसांत त्यांनी ‘श्यामची आई’ लिहून काढली. १९३५ साली ती प्रसिद्ध झाली. आचार्य अत्रे यांनी तिच्यावर १९५३ साली काढलेल्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक लाभले. या पुस्तकातील आई उपदेश करते, पण तिचा प्रत्येक उपदेश तिच्या जगण्यातून आलेला असतो. म्हणूनच तो आज इतक्या वर्षांनंतरही मुलांना बोचत नाही.

लहानपणी आईच्या सांगण्यावरून म्हातारीची मोळी उचलणारे हात पुढे स्वस्थ बसणार नव्हते. ज्या विठ्ठलाला संतांनी सर्वांची माउली म्हटले, त्याच्या पंढरपूरच्या मंदिरात हरिजनांना मज्जाव असावा हे गुरुजींना सहन होईना. महाराष्ट्रभर हिंडून त्यांनी लोकांची मने वळविली. आणि १ मे १९४७ रोजी पंढरपुरात उपोषण आरंभिले. १० मे रोजी ते सुटले आणि मंदिराचे दार सर्वांसाठी उघडण्याचा मार्ग मोकळा झाला. छात्रालयातील रीतीपेक्षा ही रीत निराळी नव्हती. तेथे मुलांचा केर त्यांनी स्वतः काढला. येथे समाजाच्या मनातील केर काढण्यासाठी स्वतःचा देह झिजविला. दोषी कोण याची चर्चा त्यांनी केली नाही. प्रायश्चित्त मात्र स्वतः घेतले.

स्वातंत्र्याच्या पहिल्या वाढदिवशी, १५ ऑगस्ट १९४८ रोजी, त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. परंतु फाळणीचा रक्तपात, महात्माजींची हत्या आणि भोवतालचा द्वेष यांनी त्यांचे कोमल मन विदीर्ण झाले होते. ११ जून १९५० रोजी, वयाच्या अवघ्या पन्नासाव्या वर्षी, त्यांनी स्वतःच आपली जीवनयात्रा संपविली. ही गोष्ट दुःखद आहे, पण ती झाकून ठेवण्याने त्यांचा गौरव होणार नाही. त्यांच्या जीवनातील एवढी एकच गोष्ट अनुकरणासाठी नाही. तीतून शिकावयाचे ते निराळे आहे. जो सर्वांच्या उशाशी जागतो, त्याच्या उशाशी कोण बसते? घरात, शाळेत, संस्थेत सर्वांचे करणारे जे एक माणूस असते, त्याच्या मनाची विचारपूस इतरांनी वेळीच करावयास हवी. सेवा घेणाऱ्याने सेवकाची सेवा करणे हाही आचाराचाच एक पाठ आहे, आणि तो मुलांना लहानपणीच मिळाला पाहिजे.

अमळनेर असो वा छत्तीसगडात भिलाईजवळचे जामुल असो, मराठी घर देशाच्या कोणत्याही कोपऱ्यात असो, प्रश्न सर्वत्र एकच आहे. मुलाने खरे बोलावे असे सांगणारा पिता, दाराशी आलेल्या माणसाला आपण घरी नसल्याचा निरोप त्याच मुलाकडून धाडतो. मुलाने मोठ्यांचा मान राखावा असे म्हणणारी माता स्वयंपाकघरात सासूविषयी काय बोलते, ते मूल ऐकत असते. वर्गात शांतता राखा असे ओरडून सांगणारा शिक्षक शांततेचा पाठ देत नसून ओरडण्याचा पाठ देत असतो. मुले आपली अवज्ञा करतात अशी तक्रार आपण करतो. वस्तुतः ती फार आज्ञाधारक असतात. ती आपल्या शब्दांची नव्हे, आपल्या वागण्याची आज्ञा पाळतात.

यावर उपाय मोठा नाही, परंतु तो रोजचा आहे. शिक्षकाने घंटेपूर्वी वर्गात यावे. जमिनीवर पडलेला खडूचा तुकडा स्वतः वाकून उचलावा. मुलाला नावाने, गोड शब्दाने हाक मारावी. मूल बोलत असता मध्ये तोडू नये. स्वतःकडून चूक झाली तर ती फळ्यावर सर्वांदेखत पुसून दुरुस्त करावी. गृहस्थाने आपले जेवलेले ताट स्वतः उचलावे, आपली चप्पल जागेवर ठेवावी, संध्याकाळी दिवा लागल्यावर क्षणभर हात जोडून शांत बसावे. आणि हे करताना मुलाकडे कटाक्षही टाकू नये. काही दिवस काहीच घडणार नाही. मग एके दिवशी ते चिमुकले हात आपोआप ताट उचलतील. त्या वेळी फार कौतुकही करू नये. नित्यकर्म हे नित्यकर्मासारखेच व्हावे.

लोकसंग्रह या शब्दाने मोठमोठ्या चळवळी डोळ्यांपुढे येतात. पण अमळनेरच्या त्या छात्रालयात एक विद्वान तरुण पुसलेली कंदिलाची काच पुन्हा जागेवर बसवीत होता, तेव्हाही लोकसंग्रहच घडत होता. फळाची अपेक्षा न धरता केलेले ते कर्म अनेक घरांत उजेड देऊन गेले. आपल्या घरातील आणि वर्गातील काच पुसण्याचे काम भगवंताने आपणांवर सोपविले आहे. ते मुकाट्याने, प्रसन्न चित्ताने करीत राहणे, हीच त्या आचार्याला खरी आदरांजली होय.